फुल्यांआडचं नाव

मोपेडच्या सीटवर कागद चिकटवलेला होता. शैला पानसे मेथीची जुडी आणि दुधाच्या पिशव्या सांभाळत पार्किंगमधून लिफ्टकडे निघाली होती, रोज निघायची तशीच, त्या कोपऱ्याकडे न बघता. पण आज तिथं पांढरं काहीतरी दिसलं म्हणून पाय थांबले. मोपेडवरची जुनी चादर कुणीतरी काढून, वर तिची घडीबिडी करून बाजूला ठेवली होती. आणि सीटच्या चिरलेल्या रेक्झिनवर, खळ अगदी सढळ हातानं वापरून, सोसायटीचा शिक्का मारलेला कागद डकवला होता. ‘बेवारस वाहन. मालकाने रविवारपर्यंत आपल्या नावाची ऑनलाइन नोंद कार्यालयात आणून दाखवावी, अन्यथा वाहन भंगारात देण्यात येईल.’ खाली सेक्रेटरी ज्ञानेशची सही. ही गाडी कुणाची हे ज्ञानेशला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. शाळेत असताना याच गाडीची पायडलं उलटी फिरवत तो बसून राहायचा आणि वरच्या खिडकीतून शैलाची बोलणी खायचा. पण सेक्रेटरी झाला की माणसाला सगळं लेखी लागतं. शैलानं नखानं कागदाचा एक कोपरा उचकटून पाहिला. कागद निघाला नाही, नखात खळ तेवढी अडकली. तिनं तो शब्द पुन्हा एकदा वाचला आणि लिफ्ट न घेता ती जिन्यानं वर गेली.

“बरं झालं की,” कागदाचं ऐकल्यावर तिचे यजमान नंदकिशोर पेपरातून मान वर न काढता म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठलीही गोष्ट बंद झाली, मिटली, निकालात निघाली की बरं वाटायचं. “चाकणच्या बाजूला आता सरकारमान्य भंगार केंद्र निघालंय म्हणे. दारात टेम्पो घेऊन येतात. सर्टिफिकेटसुद्धा देतात.”

“कसलं सर्टिफिकेट?”

“गाडी संपली म्हणून.”

“नाही द्यायची मला.”

“अगं, शेवटची चालवलीस कधी?”

शैलानं दुधाच्या पिशव्या फ्रिजमध्ये टाकल्या. दारात चांगली स्कूटर होती, तीसुद्धा ती आता मंडईपलीकडे नेत नसे. मोपेडचं पेट्रोल कधीच उडून गेलं होतं, टायर जमिनीला टेकून चपटे झाले होते. तरी ती गाडी कुणी ओढत टेम्पोत घालतंय हे तिला डोळ्यांसमोर आणवेना. आणि त्याहून लागला होता तो शब्द. बेवारस. म्हणजे जिला पुसणारं कुणी नाही ती. नाव दाखवायचं ना, दाखवू, ती स्वतःशी म्हणाली. नाव तर आहेच.

मुलगा केयूर नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप डायनिंग टेबलाच्या एका टोकाला राहिला होता. तिथं बसून तिनं गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल उघडलं. पोर्टलनं आधी तिचा मोबाइल नंबर घेतला, मग वाकडीतिकडी, एकमेकांच्या अंगावर पडलेली अक्षरं दाखवून ती ओळखायला सांगितली. ती चुकली. पुन्हा नवी अक्षरं आली, आधीच्यापेक्षा जास्त झिंगलेली. मग एक चौकोन आला: तुम्ही माणूस आहात याची खात्री करा. इतक्या वर्षांच्या संसारात हे कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. तिनं टिचकी मारली. पान गोल गोल फिरत राहिलं, आणि फिरता फिरता मध्येच दमून कोरं झालं. “एजंटला दे ना,” आतून नंदकिशोरांचा आवाज आला. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाडीचा नंबर तिला बघावाही लागला नाही. एमएच चौदापासून शेवटच्या आकड्यापर्यंत तो बोटांनाच पाठ होता.

माहिती आली. गाडीचा प्रकार, मोपेड. रंग, लाल. विमा, काही नाही. नोंदणीची मुदत, कधीच संपलेली. आणि सगळ्यात वर मालकाचं नाव. ते सरकार पुरतं दाखवत नाही. कुणाचं नाव कुणालाही कळू नये म्हणून एकाआड एक अक्षरावर फुली ठेवतं. के, फुली, एस, फुली, यू, फुली, ए. शैला बघत राहिली. तिच्या नावात के कुठेच नव्हता. आपण नंबर चुकवला असेल म्हणून तिनं तो पुन्हा घातला, पुन्हा माणूस असल्याची ग्वाही दिली, आणि पुन्हा तेच. के, फुली, एस, फुली. पुढे आडनावाच्या जागी ओ, फुली, एच, फुली, एल. तिनं ओठ न हलवता एकेक फुली भरली. कस्तुरा ओव्हाळ. भरून झाल्यावर तिला स्वयंपाकघरात काहीतरी उतू जातंय असं वाटलं, आणि ती उठून गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

उतू गेलं ते दुसरंच. वॉर्निशचा वास. पिंपरीच्या त्या कंपनीत वाइंडिंग खात्यात शिरलं की तो वास आधी डोक्यात जायचा, मग आठवडाभरात कळेनासा व्हायचा, आणि घरचे मात्र पदराचा वास घेऊन तोंड वाकडं करायचे. पंख्यांच्या मोटरी. तांब्याची तार बोटांवरून सरकत राहायची आणि समोर, टेबलाच्या पलीकडे, कस्तुराची बोटं. त्या बोटांना घाई कधी नसे, तरी तिचा ट्रे सगळ्यांच्या आधी भरायचा. मग ती काही न बोलता शैलाच्या ट्रेमधल्या चार कॉइली आपल्याकडे ओढायची. “पानसेबाई, संसाराचा इचार घरी करायचा. हितं तारंचा करायचा,” एवढं म्हणायची. पुढे कंपनीच्या पतपेढीनं बायकांसाठी हप्त्यांवर मोपेडी काढल्या तेव्हा खात्यात आधी खूप हशा झाला. नाव नोंदवायला मात्र या दोघी गेल्या, शैला जरा मागे, कस्तुरा पुढे. लाल आणि निळा असे दोनच रंग आले होते. कुणाला कुठला यावर कटकट नको म्हणून पतपेढीच्या रोहिदासनं चिठ्ठ्या टाकल्या आणि गाड्या हातात यायच्या आतच ज्याच्या त्याच्या नावानं पासिंग करून आणलं. कस्तुराला लाल आली, शैलाला निळी.

कंपनीच्या गेटात टेम्पोतून गाड्या उतरल्या ती दुपार शैलाला लख्ख आठवली. हँडलना झेंडूचे हार होते. कस्तुरा मागणाऱ्यातली नव्हती. तिनं लाल गाडीला कुंकवाचं बोट लावणाऱ्या बायकांना लावू दिलं आणि स्वतः मात्र शेजारच्या निळ्या टाकीवरून तळहात फिरवला, एकदाच, आणि हात मागे घेतला. निळा रंग कस्तुराच्या घरात काय होता हे शैलाला ठाऊक होतं. चौदा एप्रिलला तिची निळी साडी सगळ्या खात्यानं पाहिलेली होती. “घे तुला,” शैला म्हणाली. “मला लालच आवडते.” “खरं?” “अगदी खरं.” दोघींनी किल्ल्यांची अदलाबदल केली. रोहिदास ओरडला, “अहो बाई, कागद दुसऱ्याच नावावर आहेत!” त्यावर कस्तुरा पायडल मारतामारता म्हणाली, “कागदाचं बगू की सावकाश.” सावकाश बघायचं ते राहूनच गेलं. विम्याच्या पावत्या रोहिदासच दर वर्षी दोन्ही एकदम आणून टेबलावर टाकायचा, आणि कुठली कुणाची हे न बघता एक ही घ्यायची, एक ती. आता टेबलाशी बसून शैलाला प्रश्न पडला की आपल्याला लाल आवडत होती का. निळीच आवडली होती की काय? आपण त्या दिवशी दिलं, की देणारी झालो याचं सुख घेतलं? आठवणीत दोन्ही रंग सारखेच चमकत होते. तिला ते ठरवता येईना.

काळेवाडीहून पिंपरीला जायला सरळ पूल होता. तरी पहिल्या शिफ्टला कस्तुरा चिंचवडला वळसा घालून यायची, याच सोसायटीच्या गेटाशी थांबायची आणि बारका हॉर्न द्यायची. मग एक लाल, एक निळी, दोघी बरोबर. शैला बिचकतच चालवायची, दोन्ही पाय रस्त्याला घासत, पहिल्याच महिन्यात चपलांचे दोन जोड फाटले, तेव्हा कस्तुरा म्हणाली, “अगं, बिरेक हाताला दिलाय, पायाला न्हाई.” पावसाळ्यात दोघींचे पदर खोचलेले, सिग्नलला बाजूच्या टेम्पोवाल्यांचं बघणं, त्यावर कस्तुराचं एक अस्सल वाक्य, आणि हिरवा दिवा. त्या वयात आपण किती हसायचो, शैलाला वाटलं; आणि कशाला हसायचो ते एकही आता धड सांगता यायचं नाही. घरी येऊन तेच नंदकिशोरना सांगायला जावं तर ते म्हणायचे, “यात हसण्यासारखं काय आहे?” आणि खरंच काही नसायचं.

फक्त एक होतं. कस्तुरा वर येत नसे. “चहा घेऊन जा गं,” म्हटलं की, “नको, गाडी चालू हाय.” गाडी बंद करायला किल्ली अर्धी फिरवावी लागते, एवढंच, पण दर वेळी गाडी चालूच असायची. एकदाच आली होती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, निळ्याच साडीत. सासूबाईंनी आडनाव विचारलं. ऐकल्यावर त्यांचा आवाज एकदम गोड झाला. “बसा हं तिथंच, अगदी आरामात,” त्या म्हणाल्या, आणि तिळगुळाचं ताट खोलीला लांबचा वळसा घालून सगळ्यात शेवटी तिच्याकडे गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कस्तुरा नेहमीसारखी गेटाशी हजर होती, आणि त्या दिवसापासून गाडी चालू असायला लागली. शैलाला ते ताट चांगलं आठवत होतं, आणि म्हणूनच ती ते आठवत नसे. सासूबाई जाऊनही आता किती वर्षं झाली.

मग कंपनी चाकणला गेली. पिंपरीच्या जागेवर म्हणे टॉवर उठणार होते, आणि उठलेही. ज्यांना यायचं त्यांनी चाकणला या, नाही त्यांनी पैसे घ्या. केयूरची दहावी होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शैलानं पैसे घेतले. कस्तुरा चाकणला गेली, कंपनीच्या बसनं, अंधारात निघून अंधारात परत. सुरुवातीला रविवारी फोन व्हायचे, मग सणासुदीला, मग दोन्हीकडचे नंबर बदलले. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडण मिटवायला माणूस जाऊ शकतं. न झालेलं कसं मिटवणार? काळेवाडी काही परमुलूख नव्हता, नदीपलीकडे तर होती. रोज जाऊ म्हणता म्हणता इतकी वर्षं गेली की जायला काहीतरी कारण लागायला लागलं, आणि पुढे पुढे कुठलंच कारण पुरेसं वाटेना.

कपाटाच्या तळाशी जुन्या पिशवीत गाडीची पुस्तिका सापडली. तिच्यावर शैलाचं नाव होतं, तिच्या तरुणपणच्या ठसठशीत सहीसकट, आणि नंबर होता निळ्या गाडीचा. इतकी वर्षं ही पुस्तिका घरात होती आणि ती उघडून बघावीशी तिला वाटली नव्हती. तिनं तो नंबर पोर्टलवर घातला. निळी मोपेड तर केव्हाच मोडीत निघाली असणार. ‘रद्द’ असं काहीतरी येईल आणि गोष्ट संपेल, अशी तिनं मनाची तयारी केली. पान उघडलं. एस, फुली, ए, फुली, एल, फुली. पी, फुली, एन, फुली, ई. स्वतःच्या नावाकडे तिनं असं फुल्यांआडून कधी पाहिलं नव्हतं. खाली ओळीनं लिहिलं होतं: विमा, चालू. धुराचा दाखला, चालू. कर, भरलेला. नोंदणी, मुदत वाढवलेली. एकदा नव्हे, मुदत संपली तेव्हा तेव्हा. शैलाच्या हातातला चष्मा टेबलावर आला. तिच्या नावानं कुणीतरी नेमानं जगत होतं. तिला जराशी भीतीच वाटली, आणि भीतीच्या पाठोपाठ भरूनही आलं.

पुढे जायचं तर चेसी नंबरचे शेवटचे पाच आकडे हवे होते. ते पुस्तिकेत होते. घातले. ‘नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे,’ असं आलं. शैलाचा फोन शेजारीच होता, तो गप्प. स्क्रीनवरच्या मोबाइल नंबरलाही फुल्याच होत्या, शेवटी उघडे ठेवलेले आकडे तिचे नव्हते. ती ‘पुन्हा पाठवा’वर बोट दाबून बसली. थोड्या वेळानं पुन्हा. तिला ठाऊक होतं की काही येणार नाही. पण नदीपलीकडे, कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी टेबलावर एक फोन टिंग करत असेल. बंद दाराची कडी हलकेच वाजवून आपण बाहेर उभ्या आहोत असं तिला वाटलं. मग तिनं एकदा आणखी वाजवली आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षात बसली तेव्हा नंदकिशोरना तिनं “जरा काळेवाडीला जाऊन येते” एवढंच सांगितलं. इतक्या वर्षांनी तोंड दाखवायचं आणि तेही कामासाठी, हे वाक्य रिक्षाभर तिच्या डोक्यात घोळत होतं. काय म्हणायचं? गाडी वाचवायला तुझं नाव हवंय. म्हणजे गरज पडली तेव्हा आलीस. हो, तेव्हाच आले. मोठ्या उड्डाणपुलावरून खाली पवना दिसली, जलपर्णीनं हिरवी झालेली, आणि पलीकडे घरांवर चढलेली घरं. पूर्वी इथून धाब्यांवरची वाळवणं दिसायची. आता पाण्याच्या काळ्या टाक्या दिसत होत्या. गल्ली तिला सापडेल की नाही याचीच धास्ती होती, पण गल्ली सापडली; पिंपळ होता तिथंच होता, फक्त त्याच्याभोवती फरशी बसली होती. ओव्हाळांच्या घरावर दुसरा मजला आला होता. खाली जिन्याशेजारी, पुसूनपुसून लख्ख केलेली, निळी मोपेड उभी होती.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कस्तुरा बसली होती. केस विरळ, डोळ्यांवर जाड चष्मा, मांडीवर निवडायचा लसूण. तिनं वर बघितलं आणि शिफ्टला उशिरा आलेल्या बाईला म्हणावं तशी म्हणाली, “आलीस व्हय?”

रिक्षात जुळवलेली सगळी वाक्यं तशीच ठेवून शैला पायरीशी गेली. “तुला कसं कळलं मी येणार?”

“काल सारखा वाजत हुता की फोन. आकडं यायचं, जायचं, परत यायचं. बुद्धरत्न म्हनला, आई, कुनीतरी फसवतंय, आकडं सांगू नको कुनाला. म्हनलं, फसवनारी माझ्या वळखीची हाय. त्या गाडीचं मागलं पाच आकडं दुसऱ्या कुनाकडं असनार?” ती सरकून बसली आणि पायरीवर हात आपटून जागा दाखवली. “बस. लसूण सोलता येतो ना अजून, का पोरानं मशीन घेऊन दिलंय?”

शैला बसली. बुद्धरत्न म्हणजे तिचा थोरला. शैलानं त्याला बालवाडीच्या गणवेशात पाहिलेलं, तो आता चाकणला सुपरवायझर होता आणि पोर्टलवरची कामं आईला करून देत होता, म्हणूनच त्या नोंदीत आईचा मोबाइल होता. हे सगळं कस्तुरा सांगत होती आणि शैला लसणाच्या पाकळीत नख खुपसून निळ्या टाकीकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलं, “नाव का नाही बदलून घेतलंस?”

“पिरेमाबिरेमानं न्हाई हां,” कस्तुरा लगेच म्हणाली. “चाकणची बस फाट्यावर थांबायची. फाट्यापतूर जायला गाडी लागायची. कागद न्हाईत तर पोलीस धरत्यात. म्हनून मुदत वाढवत गेले.”

“माझ्या नावानं?”

“तुझ्या नावानं. एजंट अर्ज पुढं करायचा, मी सही ठोकायची. शैला पानसे. पाच वर्सांतनं एक दिस मी पानसेबाई व्हायची.” ती हसली, पण हात थांबले होते. “एजंट म्हनायचा, बाई, सही तुमीच करताय तिची, तर एक सही आनखी करा. गाडी तुमच्या नावावर हुईल, कटकट मिटंल.”

“मग?”

“मग काय. तुझं नाव ठेवायला करत हुते गं सही. काढायला कशी करू?”

शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं. कस्तुरानं तिच्याकडे पाहिलं नाही. लसणाची सालं फुंकरीनं उडवत राहिली. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर सुरू होऊन बंद झाला. असं शेजारी बसून हात चालवत राहणं, मध्ये टेबल नसलं तरी, अगदी तेच होतं; आणि ते आपण इतकी वर्षं दुसऱ्या कुणाशीच केलं नाही हे शैलाला तिथं बसल्यावर कळलं. तिला या घरातून उठूच नये असं वाटलं. पण रविवार दुसऱ्याच दिवशी होता. तिनं सांगून टाकलं. तुझी लाल गाडी आमच्या पार्किंगमध्ये आहे, मी ती सांभाळली नाही, नुसती झाकून ठेवली. सोसायटीनं तिच्यावर कागद डकवलाय. बेवारस म्हणून.

“कुनाच्या गाडीला?” कस्तुराची मान एकदम वर आली.

“तुझ्या.”

“माझ्या गाडीला बेवारस म्हनला? कोन त्यो?” लसणाचं ताट पायरीवर आदळलं. “मी जित्ती हाय म्हनावं अजून. ऊठ. बुद्धरत्न नोंद काढून दील मोबाइलवर, मुदतीचं बी बगंल. ऊठ म्हनते ना.”

निळ्या गाडीनं दोन पायडलांत सूर धरला. शैला मागे बसली. कागदोपत्री स्वतःच्या असलेल्या गाडीवर ती पहिल्यांदाच बसत होती, आणि तीही मागच्या सीटवर. हे कस्तुराला सांगायला हवं म्हणून ती पुढे वाकली, पण वाऱ्यात ते उडून गेलं. तिनं कस्तुराच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हाडकुळा झाला होता. दोन हेल्मेटं, दोन म्हाताऱ्या आणि धूर सोडणारी मोपेड, मोठमोठ्या गाड्या डावीकडून उजवीकडून हॉर्न मारत पुढे जात होत्या. पुलाच्या चढावर मोपेड रडकुंडीला आली तेव्हा कस्तुरा ओरडली, “जड झालीस गं पानसेबाई!” आणि शैला हसली, मोठ्यांदा, सगळ्या पुलावर, आणि कशाला हसतोय ते तिला याही वेळी सांगता आलं नसतं.

सोसायटीच्या गेटाशी कस्तुरानं ब्रेक दाबला तो बरोबर जुन्या जागी. तिथं आता कुंड्या होत्या, तरी तिथंच. शैला उतरली. कस्तुरा उतरली नाही. तिनं एक पाय टेकवला, गाडी फुरफुरत राहिली, आणि तिची नजर वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे गेली. “तू हो म्होरं,” ती म्हणाली. “त्या सेक्रेटरीला हितंच बोलीव. मी हाय. गाडी चालू—”

शैलानं हात पुढे केला आणि किल्ली फिरवली. गाडी बंद पडली. एकाएकी इतकी शांतता झाली की गेटावरचा साहेबराव वॉचमन मोबाइल खाली ठेवून केबिनबाहेर आला. “कुनाकडं जायचंय बाई? नाव सांगा, ॲपमध्ये टाकावं लागतंय.”

कस्तुरानं शैलाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. हेल्मेट काढून तिनं ते काखेत धरलं आणि पदर सारखा केला. “कुनाकडं न्हाई,” ती म्हणाली. “माझी गाडी हाय आत.”

साहेबरावनं दांडा वर केला. कोपऱ्यात लाल मोपेड तशीच उभी होती, चपट्या टायरांवर, सीटवर तो कागद. कस्तुरा तिच्याभोवती एक फेरी मारून आली. चिरलेलं रेक्झिन, गंजलेलं पायडल, सगळ्यावरून तिनं तळहात फिरवला. शैलाला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्याबद्दल शैलाला तिचे पाय धरावेसे वाटले. मग तिनं शैलाच्या पर्समधल्या बाटलीतलं पाणी पदराच्या टोकावर घेतलं, कागदाच्या कडेनं ओला पदर फिरवला आणि अंगठ्याच्या नखानं, तारेवरचं इनॅमल खरवडायची तशी, घाई न करता, तो सोडवत आणला. फाटला नाही. अख्खा निघाला. तिनं त्याची घडी करून ती शैलाच्या हातात दिली.

“ज्ञानेश संध्याकाळी येतो,” शैला म्हणाली. “तोवर वर चल. चहा टाकते.”

कस्तुरानं मान वळवून गेटाबाहेर, कुंड्यांशेजारी उभ्या असलेल्या निळ्या मोपेडकडे पाहिलं.

“चल,” ती म्हणाली. “गाडी बंदच हाय.”